एक पाय पायरीवर

आमच्या गावाला धड गाव म्हणता येत नव्हतं, आणि शहर म्हटलं असतं तर शहरच हसलं असतं. मोहाडीहून भंडाऱ्याला जाणाऱ्या डांबरी रस्त्याला ते चिकटून होतं. मागे बोडी, म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं, आणि बोडीच्या पलीकडे धानाच्या बांध्या, भाताची खाचरं. सत्तर साल उलटलं, भंडाऱ्याकडचा कारखाना वाढला, तिथली क्वार्टरं पुरेनाशी झाली, आणि आमच्या शेतकऱ्यांना एकाएकी शोध लागला की गुरांच्या गोठ्याला खिडकी पाडली की त्याला 'रूम' म्हणतात. दोन-तीन वर्षांत निम्म्या गावाचे गोठे माणसांनी भरले. बैल अंगणात आले.

आमच्या शेजारी एक बंगाली फिटर राहायला आला. त्याच्या पलीकडे केरळचं एक जोडपं, रस्त्याकडेला छत्तीसगडचे मजूर, आणि एका माडीवर आंध्राकडचं एक कुटुंब, ज्यांच्या भाषेतलं आम्हाला फक्त 'अम्मा' कळायचं. सकाळी गल्लीतून चाललं की एका दारातून मोहरीच्या तेलाचा वास यायचा, दुसऱ्यातून खोबरेल तेलाचा, आणि आमच्या दारातून जवसाच्या चटणीचा. माझी माय आधी नाक मुरडायची. मग वर्षभरानं ती फिटरच्या बायकोला विचारू लागली, "आज काय मांडलं वं चुलीवर?" ती काहीतरी उत्तर द्यायची. मायला ते कळायचं नाही, पण ती मान डोलावून घरात यायची.

पण उगाच गोडवे गाणार नाही. आमच्या ओसरीच्या कोनाड्यात कान तुटलेले दोन कप वेगळे ठेवलेले असायचे. गल्लीच्या वळणावरच्या मुसलमान टेलरचाचांना आणि विहारापाशी राहणाऱ्या, भंडाऱ्याच्या शाळेत शिकवणाऱ्या गुरुजींना चहा द्यायचा तो त्या कपांत. पिऊन झाल्यावर ते दोघे स्वतःच कप विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचे. हे घरात कुणी कुणाला शिकवलं नव्हतं आणि सगळ्यांना येत होतं. मलाही येत होतं. लिहिताना लाज वाटते, पण कप होते.

सगळी माणसं खऱ्या अर्थानं एकत्र यायची ती सातच्या गाडीला. तुमसरकडून येणारी ही एस.टी. आमच्या स्टॉपवर दोन मिनिटं थांबायची आणि रेल्वेचं फाटक ओलांडून पावणेआठच्या सुमारास भंडाऱ्यात पोचायची. कारखान्याचं दार आठला बंद व्हायचं. पुढची गाडी थेट साडेदहाला. म्हणजे सातची चुकली की दिवस गेला. गावातल्या निम्म्या चुली त्या गाडीच्या भरवशावर पेटत होत्या.

म्हणून आमच्या स्टॉपवर एक रीत पडली होती. कुणी मागे राहिलं असेल, तर चढणाऱ्यांतल्या शेवटच्या माणसानं एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवायचा आणि एक जमिनीवर. दोन्ही पाय वर गेले की कंडक्टर घंटी मारायला मोकळा. दोन्ही खाली असले की दार ओढायला मोकळा. पण एक वर आणि एक खाली अशा माणसाचं काय करायचं, हे कंडक्टरच्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

या कामात फिटरदादा पटाईत होता. उंच, सडपातळ, जाड भिंगाचा चष्मा. पायरीवर पाय ठेवला की त्याच्या बुटाची नाडी सुटलेलीच असायची. ती तो इतक्या निगुतीनं बांधायचा की कंडक्टरला म्हणावं लागायचं, "दादा, लग्नाची गाठ बांधून राहिले का?" फिटरदादा वर बघून विचारायचा, "आप कुछ बोला?" त्याचं हिंदी आमच्या हिंदीहून वाईट होतं, त्यामुळे तो आम्हाला लवकर आपला वाटला.

पण कुणी येतंय की नाही हे स्टॉपवरून दिसत नसे. ते काम टेलरचाचांचं. त्यांचं मशीन गल्लीच्या वळणावरच्या ओट्यावर होतं. तिथून गल्लीही दिसायची आणि स्टॉपही. स्वतः चाचांना कुठे जायचं नसायचं. पण गल्लीतून कुणी लगबगीनं येताना दिसलं की ते कपडा मोजायची लाकडी पट्टी वर धरायचे, आणि तिकडे फिटरदादाची नाडी सुटायची. यात कुणी कुणाचे आभार मानत नसे. उशिरा आलेल्यानं खाली बघत आत शिरायचं आणि बाकीच्यांनी थोडं सरकायचं, एवढंच.

आणि उशिरा येणाऱ्यांत पहिला नंबर माझा होता.

मी बावीस वर्षांची होते आणि भंडाऱ्याला टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागले होते. हंगामी. रोज गाडीनं नोकरीला जाणारी आमच्या गावची मी पहिलीच पोरगी. बाबांनी होकार दिला नव्हता आणि नकारही दिला नव्हता. ते म्हणाले होते, "पाहू." बाबांच्या 'पाहू'चा काही नेम नसे. त्या 'पाहू'त एक विहीर खणायची राहून गेली होती, आणि त्याच 'पाहू'त माझ्या आत्याचं लग्न उरकून गेलं होतं.

कामाला लागले त्याच दिवशी साहेबांनी सांगितलं होतं की महिन्यात तीनदा उशीर झाला तर चौथ्या दिवशी यायचं कष्ट घेऊ नका. त्यामुळे सातची गाडी चुकून मला चालणारच नव्हतं. पण मायची बोटं संधिवातानं सुजलेली. गाय पिळणं, पाणी भरणं, सडा टाकणं माझ्याकडे. आमचं घर बोडीच्या काठाला, गावाच्या पार शेवटी. आणि खरं सांगायचं तर वेणीही होती. कमरेपर्यंतचे केस होते आणि नीट वेणी घातल्याशिवाय मी घराबाहेर पडत नसे. अर्धा उशीर कामाचा असला तर अर्धा वेणीचा होता.

त्या नोकरीवर माझा फार जीव होता. कानाला यंत्र लावून बसायचं, तुमसरचा आवाज नागपूरला जोडून द्यायचा, पवनीचा रायपूरला. पलीकडचा माणूस म्हणायचा, "मॅडम, जरा अर्जंट आहे." आयुष्यात मला पहिल्यांदा कुणी मॅडम म्हटलं होतं, आणि तेही माझं तोंड न पाहता. घरी मी बाबांची पोरगी होते, उद्या कुणाची तरी सून झाले असते. तिथं माझा नुसता आवाज होता आणि तो लोकांना पुरत होता.

धान झोडून झालं, संक्रांत गेली, आणि लाखांदूरकडून स्थळ आलं. चांगलं होतं. शेती, घरचा भातगिरणीचा धंदा, मुलगा शिकलेला. नाव ठेवायला जागा नव्हती, हीच पंचाईत. मध्यस्थानं एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवली होती, ती मला मायनं गाय पिळताना सांगितली.

"नोकरी सोडा लागंल म्हंते."

"आन् बाबा काय म्हंते?"

"पाहू म्हंते."

मी बादलीत बघत राहिले. बाबा त्या दिवसांत खुशीत होते. ओसरीला चुना लावून घेतला, आणि स्वतः जाऊन पाहुण्यांसाठी कपबशा आणल्या. मला भीती वाटत होती ती बाबांच्या रागाची नाही, त्यांच्या आनंदाची. रागावलेल्या बापाशी भांडता येतं. आनंदलेल्या बापाला काय सांगणार?

पाहुणे यायच्या दिवसाची मी रीतसर रजा घेतली. पण गाडीतल्या कुणाला बोलले नाही. कुठल्या तोंडानं बोलणार होते? ज्या माणसांनी माझ्यासाठी रोज पाय अडकवून ठेवला, त्यांना सांगू की आता कदाचित त्याची गरजच पडणार नाही? आदल्या संध्याकाळी गाडीतून उतरताना फिटरदादा नेहमीसारखं म्हणाला, "कल जल्दी।" मी नुसतीच हसले.

त्या सकाळी मायनं शिऱ्यासाठी रव्याचा डबा उघडला तर रव्यात अळ्या. ती म्हणाली, धावत जा आणि दुकानातून रवा आण. मी तयारच होते. रोज नोकरीला नेसायची ती गुलाबी साडी अंगावर होती, कारण चांगली म्हणावी अशी तेवढी एकच. हातात पिशवी घेतली आणि लगबगीनं निघाले. सात वाजायला आले होते. वळणावर, माझं लक्ष नसताना, चाचांनी मशीनवरून मान वर केली, गुलाबी साडी पाहिली, सवयीनं पट्टी उचलली आणि पुन्हा मान खाली घातली. मी त्यांच्या ओट्यापुढून डावीकडे दुकानाच्या बोळात वळले.

दुकानात असताना गाडीचा हॉर्न ऐकू आला, एकदा, मग पुन्हा, बराच लांब. कोण बरं आज मागे राहिलं, असं माझ्या मनात आलं. रवा घेतला आणि मागच्या वाटेनं घरी गेले.

दुपारच्या गाडीनं पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. बोलायचं काम काकांकडे होतं. मुलगा साधा होता. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग पूर्ण वेळ आमच्या बैलांकडे पाहिलं. त्याच्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही काही वाईट नव्हतं. शिरा झाला, पानसुपारी झाली. काका म्हणाले, "पोरगी पसंत हाये आमाले. नोकरीचं तेवढं सांगतलंच होतं. आमच्याकडे बाया घराबाहेर कामाले नाही जात. काही कमी नाही पडत तिले."

बाबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. आता ते 'पाहू' म्हणतील आणि आपण संपलो, असं मला वाटलं. दाराआड उभी राहून मी पदराचं टोक पिळत होते. बोलायला शब्द होते, पण ते कानाला यंत्र लावल्याशिवाय माझ्या तोंडून निघत नसत.

तेवढ्यात अंगणाचं फाटक वाजलं.

सहाची गाडी आली होती. फिटरदादा पुढे, त्याच्यामागे गुरुजी, केरळचा स्टोअरकीपर, छत्तीसगडचे तिघे-चौघे, आणि सगळ्यात मागे, वळणावरून त्यांच्यात सामील झालेले, हातात टोपी धरून टेलरचाचा. कारखान्याच्या धुळीनं भरलेली ही सगळी मंडळी घरी न जाता थेट आमच्या अंगणात येऊन उभी राहिली होती. ओसरीवर पाहुणे दिसल्यावर ती अवघडली.

बाबा उठले. "काहून? काय झालं?"

गुरुजी म्हणाले, "पोरगी आज गाडीले नाही आली. म्हटलं तब्येत बिघडली का काय. पाहून जावं."

"बरी हाये. घरीच हाये. पाहुने आले आज," बाबा म्हणाले. "पन तुमी एवढे जन…"

मग चाचा पुढे आले. "गलती मेरी है भाऊ. मैंने सुबह बिटिया को आते देखा और पट्टी उठा दी. वो शायद दुकान की तरफ मुड़ गई, मैंने देखा ही नहीं. इन लोगों ने गाड़ी रोक के रखी."

"कोनती गाडी?"

मग गुरुजींनी सगळं सांगितलं. फिटरदादानं पायरीवर पाय ठेवला तो दहा मिनिटं काढला नाही. ड्रायव्हर खाली उतरून भांडला. आतले बाहेरगावचे प्रवासी ओरडले. शेवटी गाडी निघाली आणि रेल्वेच्या फाटकावर मालगाडीनं अडवलं. कारखान्यावर पोचेपर्यंत आठ वाजून गेले होते. आत घेतलं ते दुपारनंतरच. अकरा जणांचा अर्धा दिवस बुडाला. गुरुजींना शाळेत ऐकून घ्यावं लागलं.

मी दाराआडून सगळं ऐकत होते. किलोभर रव्यासाठी मी अकरा जणांचा अर्धा दिवस घालवला होता. एकदा तोंड उघडून 'उद्या मी येणार नाही' म्हटलं असतं तर झालं असतं.

काकांना मात्र गंमत वाटली. "एका पोरीसाठी अख्खी गाडी थांबोली? रोजच थांबोता का?"

"रोज नाही," गुरुजी म्हणाले. "तिले उशीर होते तवा."

"रोज ही समझो," चाचा हळूच म्हणाले. छत्तीसगडचे दोघे हसले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाबा फिटरदादाकडे पाहत होते. तीन वर्षं शेजारी राहणाऱ्या माणसाला ते पहिल्यांदाच नीट पाहत असावेत. बाबांनी आपल्या हिंदीत विचारलं, "तुम्हारा आधा दिन गया. गुस्सा नहीं आया?"

फिटरदादा गोंधळला. प्रश्न त्याला कळला होता, पण तो का विचारला ते कळलं नव्हतं. "किस पर?" त्यानं विचारलं.

बाबांनी अंगणातल्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग आत वळून म्हणाले, "चाय मांड वं. सगळ्याइले."

मायनं पातेलं चढवलं. नव्या कपबशा सहाच होत्या आणि माणसं बाराच्या वर. तिनं घरात होते नव्हते ते पेले, वाट्या, गडवे काढले. मी ताट घेऊन बाहेर जाताना पाहिलं, कोनाड्यातले ते दोन कप तसेच होते. नव्या कपांतला एक चाचांच्या हातात गेला आणि एक गुरुजींच्या. माय विसरली की मुद्दाम तिनं असं केलं, हे मी तिला आयुष्यभर विचारलं नाही. काकांनी ते पाहिलं. त्यांचा चहा बशीत तसाच राहिला.

चहा झाला. मंडळी निघाली. फाटकाशी फिटरदादानं मला पाहिलं आणि नेहमीचं म्हणाला, "कल जल्दी।"

मग बाबा काकांसमोर बसले आणि शांतपणे बोलले. "पोरगी नोकरी नाही सोडनार."

काका म्हणाले, "आता तं तुमी काही बोलत नव्हते."

"नव्हतो बोलत," बाबा म्हणाले. "मले वाटे, टाइमपास करते पोरगी भंडाऱ्याले. तिचं काम कोनाले एवढं मोठं वाटते हे मले मालूम नव्हतं. परक्या मानसाइले मालूम हाये आन् बापाले नाही. असं नाही चालत. सकारी सातची गाडी हाये तिची."

पाहुणे साडेसातच्या गाडीनं गेले. भांडण झालं नाही. बाबा त्यांना स्टॉपपर्यंत सोडायला गेले, मुलाच्या हातात आमच्या परसातल्या पपयाही दिल्या. पुढे माझं लग्न झालं ते नोकरीसकट झालं, पण ते तीन वर्षांनी.

जेवताना बाबांनी मान वर न करता विचारलं, "घरून किती वाजता निघा लागते?"

"पावणेसातले."

"आन् तू निघते कवा?"

माय म्हणाली, "सातले पाच कमी."

बाबांनी "हं" म्हटलं आणि भात कालवला.

दुसऱ्या दिवशी तरी वेळेवर निघायचं असं मी ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं. पण रात्री झोप नीट लागली नाही, सकाळी गायीनं लाथ मारून बादली सांडली, आणि केसांचा गुंता सुटेना. निघाले तेव्हा सात वाजून गेले होते. चपला हातात घेऊन धावले. चाचांनी मला पाहिलं आणि या वेळी नीट निरखून, मी समोर येईपर्यंत वाट पाहून, मग पट्टी उचलली. पट्टीचा काही उपयोग होणार नाही, गाडी गेली असणार, असं मला वाटत होतं.

स्टॉपवर पोचले तर गाडी उभी होती. फिटरदादा खिडकीत आरामात बसलेला. त्याचे दोन्ही पाय आत होते. पायरीवर कुणीच नव्हतं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि कंडक्टर दारातून ओरडत होता, "अहो काका, बंडी काढा ना बाजूले!"

गाडीच्या पुढ्यात, रस्त्यावर आडवी, शेणखतानं भरलेली आमची बैलबंडी उभी होती. आमची बांधी उलट्या दिशेला होती. शेणखत घेऊन या रस्त्याला यायचं बाबांना काही कारण नव्हतं. ते बैलाच्या मानेशी वाकून जुवाचा दोर सोडत होते आणि पुन्हा बांधत होते.

"येक मिनिट बाबू," ते कंडक्टरला म्हणाले. "दोर ढिला झाला."

मी त्यांच्या बाजूनं गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पायरी चढले, लोक थोडे सरकले, आणि मी खाली बघत आत शिरले. माझ्या मागे दार लागल्याचा आवाज झाला, तेव्हा कुठे बाबांनी दोराची गाठ आवळली आणि बैलांना चला म्हटलं.